एक्केचाळिसावं पान

माझ्या मावशीला तिच्या कारखान्यात सगळे सहीबाई म्हणायचे. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिनं छत्तीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या वर्षांत एकाही मीटरला हात लावला नाही. तिचं काम वेगळंच होतं. कंपनीचे मालक कोण कोण आहेत, याची नोंद ती ठेवायची.

"मालक म्हणजे मोठे साहेब ना?" लहानपणी मी एकदा विचारलं होतं.

"ते एकटे नाहीत गं, एकशे बारा जण आहेत," मावशी म्हणाली. "कारखाना काढला तेव्हा साहेबांकडे डोकं होतं, पैसा नव्हता. मग ओळखीपाळखीच्यांकडून घेतला आणि ज्यानं जेवढं दिलं तेवढे शेअर त्याच्या नावावर केले. एकूण एक लाख शेअर. कारखान्याचे एक लाख तुकडे केलेत असं समज. कुणाकडे पाच, कुणाकडे पाच हजार."

"मग तुझ्याकडे किती?"

"माझ्याकडे रजिस्टर," असं म्हणून ती हसली.

ते रजिस्टर मी पाहिलं होतं. कापडी पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड. प्रत्येक भागधारकाला एक पान. शेजारच्या लोखंडी कपाटात एक खण होता आणि त्यात एकशे बारा कार्डं, प्रत्येक कार्डावर एकेकाच्या सहीचा नमुना. कुणी शेअर विकायला काढले की फॉर्मवरची सही मावशी कार्डाशी ताडून पाहायची आणि जुळली तरच 'सही पडताळली' असा शिक्का मारायची. तिच्या शिक्क्याशिवाय त्या कारखान्याचा एक तुकडासुद्धा या हातातून त्या हातात जाऊ शकत नसे.

मावशी आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. तिला चेहरे लक्षात राहायचे नाहीत, रस्त्यात शेजारीण भेटली तरी गोंधळायची, पण सही एकदा पाहिली की विसरायची नाही. "सहीला वय असतं," ती सांगायची. "तिशीतली सही धावते. पन्नाशीत चालायला लागते. पुढे काठी टेकते. एखाद्याला हृदयाचं दुखणं झालं तर त्याच्या घरच्यांआधी मला कळतं."

"मग माझ्या सहीवरून काय कळतं?" आईनं विचारलं.

"बाजारात घासाघीस न करता येणारी बाई."

आई त्यावर दोन दिवस फुरंगटून बसली होती.

तर त्या रजिस्टरात एक्केचाळिसावं पान होतं. त्यावर सहा हजार शेअर होते, म्हणजे शंभरात सहा. हा माणूस साचेकार होता. पहिल्या मीटरचे लाकडी साचे त्यानं घडवले होते. तेव्हा पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून साहेबांनी त्याला शेअर दिले. पुढे दोघांचं काहीतरी बिनसलं आणि त्यानं काम सोडलं, शेअर मात्र ठेवले. मावशी नोकरीला लागली तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनं त्याला कधी पाहिलंच नाही. तिला फक्त त्याची सही माहीत होती.

दरवर्षी सभेची सूचना सगळ्या भागधारकांना रजिस्टर पोस्टानं जायची आणि पोचपावत्या सह्या होऊन परत यायच्या. नियमाप्रमाणे पोचपावतीवरची सही तपासायची गरज नव्हती. पण मावशीला सवय होती. आली पावती की काढायची कार्ड. एक्केचाळीस सभेला कधी आला नाही, त्यानं लाभांशाचे धनादेश वटवले नाहीत, कधी चार ओळींचं पत्र लिहिलं नाही. सही तेवढी यायची, न चुकता. पहिली काही वर्षं ती धावत होती, मग चालायला लागली. पंधराव्या वर्षी तिला कंप सुटला. शेवटचं अक्षर खाली घसरलं होतं. "आजारी आहे बिचारा," मावशीनं घरी येऊन सांगितलं.

पुढच्या वर्षीची सही आली ती एकदम सरळ. कंप नाही, घसरण नाही, अगदी कार्डावरच्या पहिल्या सहीसारखी.

"बरा झाला वाटतं," आई म्हणाली.

"बरा झाला असेल," मावशी म्हणाली.  बरं झालेलं माणूस पुन्हा नीट सही करतं, पण तिशीतली करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर दरवर्षी तीच सही आली. तसूभरही बदल नाही. इतर लोक म्हातारे होत होते, त्यांच्या सह्या वाकत होत्या, थकत होत्या, काहींची कार्डं कायमची बाहेर काढली जात होती. एक्केचाळीस मात्र एका वयावर थांबला होता.

मोठे साहेब गेले आणि खुर्चीवर त्यांचा मुलगा आला. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हिशेबाचा कंटाळा होता. म्हणून त्यानं एक वित्ताधिकारी नेमला. हा उंच, सडसडीत माणूस कुणाशीही बोलताना आधी कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवायचा. कारखान्यानं दुसऱ्याच आठवड्यात त्याचं नाव आकडेसाहेब पाडलं.

आकडेसाहेबांनी येताच लाभांश बंद केला. "नफा वाटत बसायचं नाही," ते म्हणाले. "त्या पैशातून कंपनीच स्वतःचे शेअर परत विकत घेईल आणि रद्द करेल. तुकडे कमी झाले की उरलेल्या प्रत्येक तुकड्याची किंमत वाढते."

यात खोटं काहीच नव्हतं. धाकट्या साहेबांच्या बहिणीला घर घ्यायचं होतं, काकांना परदेशी जायचं होतं, चुलतभावांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सगळ्यांना रोख हवी होती. शेअर विकणार का, अशी पत्रं सगळ्या भागधारकांना गेली, एकशे अकरा पत्रांना उत्तरं आली आणि पहिल्याच फेरीत तीस हजार शेअर रद्द झाले. दोन वर्षांनी पंचवीस हजार. मग वीस हजार. नफा पुरेना तेव्हा कंपनीनं बँकेकडून कर्ज काढून शेअर घेतले. धाकटे साहेबही दर फेरीत स्वतःचे थोडे थोडे विकत होते.

ज्याचे सगळे शेअर गेले त्याच्या पानावर मावशी लाल शाईनं तिरकी रेघ मारायची. पूर्वी वर्षातून एखादी रेघ मारायला लागे. आता एका दुपारी वीस वीस मारल्या जात. तिच्या विभागात सात टेबलं होती. काम उरलं नाही म्हणून माणसं दुसरीकडे गेली. सहा टेबलं तशीच रिकामी पडली आणि सातव्यावर मावशी एकटी. दुपारच्या शांततेत खालच्या चाचणी विभागातला आवाज वर यायचा. तिथे भिंतीवर ओळीनं शंभर मीटर लावलेले असत, त्यांतून सतत पाणी सोडलेलं असे आणि शंभर काटे एकाच वेळी टिकटिकत पुढे सरकत. एवढी वर्षं तो आवाज तिच्या कानांवर पडत होता, पण तिथे बसून तिनं तो ऐकला तो आताच.

तिसऱ्या फेरीनंतर तिनं सहज म्हणून प्रत्येक पानाचा वाटा नव्यानं काढला आणि एका जागी तिचा हात थबकला. एक्केचाळीसनं काहीही केलं नव्हतं. विकत घेतलं नव्हतं, विकलं नव्हतं, हूं की चूं केलं नव्हतं. त्याचे सहा हजार होते तसेच होते. पण लाखाचे पंचवीस हजार झाले होते आणि शंभरात सहाच्या जागी त्याचे चोवीस झाले होते.

ती रजिस्टर उचलून आकडेसाहेबांकडे गेली.

"साहेब, एक्केचाळीस वाढतोय."

"कोण एक्केचाळीस?"

"साचेकार. जुने भागधारक आहेत."

त्यांनी पान पाहिलं. "याचे धनादेश वटलेले नाहीत, मत नाही, उत्तर नाही. हे मृत खातं आहे, सहीबाई. मी असली खाती तक्त्यात धरतच नाही."

"पण रजिस्टरात आहे ना, साहेब."

"जो काहीच करत नाही, तो वाढेल कसा?" ते हसले आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढला. मावशी परत फिरली.

चौथ्या फेरीनंतर एक्केचाळीसचे शंभरात चाळीस झाले. रजिस्टरात जिथे उघडावं तिथे लाल रेघा. फक्त सात पानं कोरी उरली होती आणि पोचपावतीवर दरवर्षी तीच तरुण सही येत होती. मावशी हळूहळू घरातही दचकायला लागली. पोस्टमननं बेल वाजवली तरी ती दार उघडायला मला पाठवायची.

"अगं, एकदा जाऊन भेटून ये त्याला," आई वैतागून म्हणाली. "माणूसच आहे ना?"

"भेटून काय सांगू? तुमची सही म्हातारी का होत नाही, असं विचारू?"

शेवटी तिनं फोरमनकाकांना विचारलं. चाचणी विभाग त्यांच्याकडे होता आणि पहिल्या दिवसापासून असलेले तेवढे एकटेच उरले होते. डबा खाताना तिनं सहज विषय काढावा तसा काढला. "काका, ते साचेकार कसे होते हो?"

"हाताला जादू होती त्याच्या," फोरमनकाका म्हणाले. "जिभेवर मात्र विंचू. मोठ्या साहेबांनी त्याचे शेअर परत मागितले होते. तेव्हा हा भर कारखान्यात म्हणाला, 'मी काही करणार नाही. मी नुसता बसून राहीन. तुझी माणसं एकेक करून उठून जातील.' साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. फार वर्षं झाली त्याला जाऊन."

"काम सोडून ना?"

"काम काय सोडून! गेला म्हणजे वारला. फुप्फुसं गेली होती लाकडाच्या भुशानं. मी होतो ना शेवटच्या दिवशी तिथे. सोळा वर्षं झाली असतील."

मावशीनं मनातल्या मनात हिशेब केला. सोळा वर्षांपूर्वी सहीला कंप सुटला होता. पंधरा वर्षांपूर्वी ती बरी झाली होती.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. खरं तर सांगायला हवं होतं, हे ती स्वतःच मला पुढे म्हणाली. पण सांगायचं म्हणजे आकडेसाहेबांच्या खोलीत उभं राहून तोंडानं उच्चारायचं की एक मेलेला माणूस दरवर्षी आपलं टपाल घेतो.  ती सूचना पाठवत राहिली. पोचपावत्या येत राहिल्या.

तीन वर्षांनी पाचवी फेरी झाली. आता एकूण साडेअकरा हजार शेअर उरले. धाकट्या साहेबांकडे चार हजार, बाकी तिघाचौघांकडे मिळून दीड हजार. त्या वर्षीच्या सभेला मोठ्या दालनात पाच खुर्च्या मांडल्या आणि त्यातल्या दोनच भरल्या.

मग एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घ्यायची तयारी दाखवली. सौदा चांगला होता. बँकेचं कर्ज फिटलं असतं आणि धाकटे साहेब सुटले असते. खरेदीदारांचे वकील आले. त्यांना आकडेसाहेबांचा तक्ता नको होता, रजिस्टर हवं होतं. दोन दिवस ते मावशीच्या समोर बसून पानं उलटत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या वयस्कर वकीलबाईंनी चष्मा काढला आणि धाकट्या साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला कंपनी विकू शकत नाही."

"का? मी मालक आहे."

"तुमचा वाटा शंभरात पस्तीसच्या आत आहे. बावन्नहून जास्त या गृहस्थांचा आहे." त्यांनी एक्केचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं. "मालक हे आहेत. यांना बोलवा."

मावशी सांगायची, की त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी येणार नव्हतं. तरी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आकडेसाहेब स्वतः उठून मावशीच्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात शेअर हस्तांतराचा फॉर्म होता. सहा हजार शेअर, देणारा साचेकार, घेणारे धाकटे साहेब. खाली सही आणि तारीख.

"भेटले एकदाचे म्हातारबा," ते म्हणाले. "तयार झाले विकायला. तुम्ही फक्त शिक्का मारा."

मावशीनं तारीख पाहिली. गेल्या बुधवारची. मेलेला माणूस गेल्या बुधवारी शेअर विकून गेला होता. तिनं खणातून कार्ड काढलं. सही तंतोतंत जुळत होती.

"कसे आहेत ते?" तिनं विचारलं.

"ठीक आहेत. थकलेत जरा."

"उद्या मारते शिक्का. शाई सुकली आहे," मावशी म्हणाली. तिची शाई सुकलेली मी कधी पाहिली नाही.

घरी येऊन तिनं मला सांगितलं, "उद्या सकाळी तुझी स्कूटर काढ. मला एका ठिकाणी जायचंय आणि मी एकटी जाणार नाही." मी तेव्हा कॉलेजात होते. वाटेत तिनं मला सगळं सांगितलं. बोलताना तिनं मागून माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तीन मजली इमारत, खाली बंद पडलेलं सुतारकामाचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर एकच दार. जिना स्वच्छ झाडलेला. दारावर साचेकाराच्या नावाची लाकडी पाटी होती आणि ती नव्यानं पॉलिश केलेली होती. मावशीनं बेलकडे हात नेला आणि तसाच ठेवला. आतून आवाज येत होता. टिक, टिक, टिक. चाचणी विभागातला आवाज, पण एकट्या मीटरचा.

बेल मीच वाजवली.

दार एका बाईनं उघडलं. साठीच्या आसपासची, सडपातळ, राखी रंगाच्या कपड्यांतली. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे.

"पत्र आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. मी कारखान्यातून आले," मावशी म्हणाली. "पत्रं मी पाठवते."

 बाई बाजूला झाली. "या ना. तुमचं अक्षर मला माहीत आहे."

आत एकच मोठी खोली होती. भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, एकावरही धूळ नाही. मोरीच्या नळाला एक जुना पितळी मीटर जोडला होता. नळ किंचित उघडा होता आणि मीटरचा काटा फिरत होता. टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर टेकायला गेले तशी ती बाई चटकन म्हणाली, "ती नको. ती बाबांची."

मी उभीच राहिले.

फळीवर आमच्या कारखान्याची पाकिटं वर्षांच्या क्रमानं उभी लावलेली होती. सगळी बंद. एकही फोडलेलं नव्हतं.

"बाबा कुठे आहेत?" मावशीनं विचारलं. 

"बाबा गेले. एकोणीस वर्षं होतील." बाईनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. "त्यांनी सांगून ठेवलं होतं. पत्र आलं की घ्यायचं, सही करायची, फोडायचं नाही, विकायचं काही नाही. नाही घेतलं तर ते लोक आपल्याला मेला समजतील, असं म्हणायचे. ते गेल्यावर पहिलं पत्र आलं तेव्हा पोस्टमन दारात उभा होता. मी म्हटलं, थांबा, बाबा आत झोपलेत, सही घेऊन येते."

ती खिडकीशी गेली. खिडकीच्या काचा जुन्या, धुरकट होत्या, पण मधली एक काच स्वच्छ होती. चौकटीत एक पिवळा पडलेला कागद खोचलेला होता. साचेकाराचा जुना करारनामा, खाली त्याची तरुणपणची सही. तिनं तो काचेवर धरला, त्यावर आपला एक कागद ठेवला आणि उजेडात दिसणारी सही पेन्सिलीनं सावकाश गिरवली. अक्षरन् अक्षर उमटत गेलं.  मावशीनं अठरा वर्षं पाहिलेली सही आमच्या डोळ्यांसमोर तयार होत होती, आणि ती करणारी बाई श्वासही जपून घेत होती.

"मी सही करत नाही हो. मी फक्त चित्र काढते," ती म्हणाली. "वर्षातून एकदा. तेवढा वेळ ते घरात असल्यासारखे वाटतात."

"ताई, गेल्या बुधवारी कुणी आलं होतं का?" मावशीनं विचारलं. "एखाद्या फॉर्मवर सही मागायला?"

"इथे पोस्टमनशिवाय कुणी येत नाही."

 मग मावशीनं त्या बाईला सगळं सांगितलं. कारखान्याचे तुकडे कसे झाले, कसे रद्द होत गेले, बाकीचे कसे उठून गेले.  शेवटी मावशी म्हणाली, "तुमच्या बाबांचा वाटा आता निम्म्याहून जास्त आहे. तुम्ही त्यांच्या वारस. कारखाना तुमचा आहे."

बाईनं हात लांब करून नळ बंद केला. टिकटिक थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की मला ते आवडलं नाही.

"मी तर काहीच केलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं शिक्का न मारता फॉर्म परत केला.

"सही जुळत नाही का?" आकडेसाहेबांनी विचारलं.

"जुळते. म्हणूनच मारत नाही. ही कार्डावरून गिरवलेली आहे. माणूस एकोणीस वर्षांपूर्वी वारलाय, साहेब. त्यांच्या मुलीला मी काल भेटून आले."

आकडेसाहेबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. त्या महिन्याअखेरीस ते राजीनामा देऊन गेले. धाकट्या साहेबांना त्या फॉर्मबद्दल किती माहीत होतं, हे मावशीला कधी कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. खरेदीदार निघून गेले. पोचपावत्यांचं काय, ही मावशीला धास्ती होती. पण वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की टपाल घेतल्यानं मालकी इकडची तिकडे होत नाही, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद आणा. ते सगळं व्हायला पाच महिने लागले. मग एका दुपारी साचेकाराची मुलगी मावशीच्या टेबलासमोर बसली आणि मावशीनं तिच्यापुढे कोरं कार्ड ठेवलं.

"इथे तुमची सही करा."

तिनं पेन हातात घेतलं आणि थांबली. आयुष्यात तिनं स्वतःच्या नावाची सही फार थोड्या वेळा केली होती. पहिल्या खेपेला नकळत वडिलांच्या सहीचं वळण उमटलं. मावशीनं ते कार्ड फाडलं. चौथ्या कार्डावर कुठे एक वेडीवाकडी, पण तिची अशी सही आली.

त्यानंतर ती कारखान्यात येऊ लागली. रोज अकराला यायची, चाचणी विभागात मीटरच्या भिंतीसमोर बसायची, चारला जायची. कुणाला काही बोलायची नाही. माणसं बिचकली. "साचेकार आलाय परत," असं कुणीतरी म्हणालं आणि त्या विभागातल्या दोघांनी बदली मागितली. फोरमनकाकासुद्धा तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे टाळत.

दोनेक महिन्यांनी ती वर आली. "सहीबाई, मला एक विचारायचंय. बाकीचे गेले म्हणून मी वाढले ना? मग मी कमी कशी होऊ?"

"शेअर विकून," मावशी म्हणाली.

"विकायचं नाही, असं बाबांना कबूल केलंय."

मावशीनं कागदावर आकडे मांडले. "मग नवे शेअर काढायचे. नवी माणसं आली की तुमचे सहा हजार तेवढेच राहतील, पण वाटा घटेल. जसा वाढला तसाच उलटा."

"माणसं आहेत की खाली," ती म्हणाली.

धाकटे साहेब आधी भडकले, कारण त्यांचाही वाटा घटणार होता. पण पूर्वीच्या शेअर खरेदीत तिजोरी रिकामी झाली होती, बँकेनं हात वर केले होते आणि कारखाना चालवायला नवा पैसा कुठूनतरी हवाच होता. महिनाभर धुसफुसून त्यांनी होकार दिला. चौऱ्याऐंशी कामगारांना प्रत्येकी दीडशे शेअर द्यायचं ठरलं, पगारातून दरमहा थोडे थोडे पैसे कापून. मावशीनं नवं रजिस्टर आणलं. दोन आठवडे तिच्या टेबलासमोर रांग होती. वेल्डर, सफाईवाल्या, पॅकिंगवाले, सगळे पेन कसं धरावं या काळजीत. एकानं तर सहीआधी हात साबणानं धुऊन घेतले.

साचेकाराच्या मुलीचा वाटा चौथाईच्या आत आला. त्या वर्षी सभेला दालन भरलं. ती उशिरा आली, तर खुर्ची शिल्लक नव्हती. कुणी तिच्यासाठी उठणार, तेवढ्यात तिनं हातानं नको म्हटलं आणि मागच्या भिंतीशी उभी राहिली. मावशी म्हणायची, त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळ्यांसारखी दिसली. लोक तिला धक्का देऊन पुढे सरकत होते आणि कुणी दचकत नव्हतं.

पुढे तिनं रोज येणं बंद केलं. कामगारांतल्या दोघी रविवारी तिच्याकडे जायच्या. त्यांनी सांगितलं, की टेबलापाशी आता कुणीही बसलं तरी ती काही म्हणत नाही. धाकटे साहेब अजून कारखाना चालवतात. सभेत त्यांना उलटे प्रश्न विचारले जातात आणि ते रुमालानं मान पुसत उत्तरं देतात.

मावशी गेल्या वर्षी निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी धाकट्या साहेबांनी तिला विचारलं, "सहीबाई, तुम्ही स्वतः कधी एकही शेअर घेतला नाहीत. का हो?"

"भीती वाटली, सगळे उठून गेले आणि मी एकटीच बसून वाढत राहिले तर," ती म्हणाली, आणि पर्स उचलून घरी आली.